पाच की सहा

"पाच की सहा?" हुजैफा विचारतो, वर न बघता,
आणि लगेच, "मुलाचा प्रोजेक्ट का, मॅडम?"

मुलगा नाही मला. मुलगी आहे, ती प्लगलाही हात लावत नाही.
प्रोजेक्ट माझा.
सिडकोतल्या गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत
बावीस मीटर,
डक्टमधून, भोसल्यांच्या कुंड्यांमागून,
खिडकीच्या जाळीला धरून खाली.
एका टोकाला तापमान मोजणारा मणी,
दुसऱ्या टोकाला मी.

अंबडला अकरा वर्षं पॅनल भरते.
दुसऱ्यांच्या लिफ्ट, दुसऱ्यांचे पंप,
कुठल्याशा साखर कारखान्याचा भोंगा
माझ्या हातच्या वायरींवर वाजतो म्हणे.
फेरूल घाल, दाब, ओढून बघ, पुढचं.
घरची कॉलबेल मात्र दिवाळीपासून बंद.

सहा नंबरची जाडजूड. पोटात प्लॅस्टिकची फुली,
चार जोड्या चार कोपऱ्यांत,
अबोला धरलेल्या जावा जशा.
वळवायला गेलं की रुसते.
मला मिनिटाला एक आकडा खाली आणायचा,
त्याला मुंबई-आग्रा हायवे कशाला?
पाच पुरे.
आणि एकतारी. भिंतीला एकदा ठोकली की
जागची हलणार नाही, तिला बहुतारी लवचिकपणा नको.

"मग ही न्या, स्वस्त. एकदम कॉपर."
बॉक्स उचलते.
हलका.

भांडी बाजारात आई घागर आधी हातात तोलायची,
मग बोटाच्या पेरानं वाजवायची.
दुकानदार भाव सांगत राहायचा,
तिचा कान नादाकडे.

वायर वाजत नाही.
पॅनलवालीच्या पर्समध्ये ब्लेड असतं.
एक तार सोलते, खरवडते:
तांबडेपणा नखाएवढा निघतो, खाली पांढरं.
"वरून तांबं," म्हणते, "आत ॲल्युमिनियम."
हुजैफा पहिल्यांदा वर बघतो.
"कुठल्या कंपनीत, ताई?"

मॅडमची ताई झाले. मागून, पुठ्ठ्यांखालून,
दुसरा बॉक्स आला. जड.
काळं आवरण, उन्हात न तडकणारं.
मीटरला सात रुपये जास्त.
बावीस साते एकशे चोपन्न,
म्हणजे आठवडाभर रिक्षाऐवजी पायी.
"मोजा," म्हटलं.

रविवारी गच्चीवर आवरण सोललं.
आठ तारा, दोन-दोन एकमेकींत पिळलेल्या.
सासूबाई म्हणतात, सुंभ जळेल पण हिचा पीळ जायचा नाही.
त्यांना कसं सांगू,
पिळामुळेच तर बाहेरची कुरकुर
आतल्या निरोपात मिसळत नाही.

निळी आकड्यांना. तिची जोडीदारीण, पांढरी-निळी, अर्थिंगला.
नारिंगी पाच व्होल्टला.
उरल्या पाच.
दिगंबर शिडी धरून उभे,
"तीन लागतात तर आठचे पैसे कशाला दिले?"
कामावर आम्ही अशा तारांना चिठ्ठी लावून
मागे बांधून ठेवतो: राखीव.
तसंच केलं. चिठ्ठीवर अक्षर जरा बरं काढलं,
तपासायला कुणी येणार नव्हतं तरी.

जानेवारी, पहाटे पावणेसहा.
निफाडहून कुंदाचा फोन, दरवर्षीसारखा,
थंडी जशी तिच्या सासरची मालमत्ता:
"आमच्याकडे पाच! तुम्हा शहरवाल्यांना काय कळणार?"
ओट्यावरच्या हिरव्या आकड्यांकडे बघत
चहात आलं किसते.
"आमच्याकडे सहा पॉइंट दोन."
"कुणी सांगितलं? टीव्हीवर?"
"मी."
पलीकडे जरा वेळ नुसता कोंबडा.

मोरीतून दिगंबर ओरडतात,
पाणी बर्फ झालंय,
हे कळायला वायर कशाला लागते!

लागत नाही.
पाचांतल्या दोन कॉलबेलला पुरतील.
तीन तरीही उरतात.
बघू.